विनायकीचा खटला

"विनायकी रद्द करायला निघालेत म्हणं," सासूबाई कुंपणावरून शेजारच्या यल्लव्वाला सांगत होत्या. "सरकारच निघालंय. आणि आमची संयोगिता त्याच्या आडवी हायकोर्टात उभी हाय."

यल्लव्वाच्या हातात निवडायला घेतलेली मेथी होती, ती तशीच राहिली. मी तुळशीला पाणी घालत होते. माझी पोथी व्हायची होती म्हणून मध्ये बोलले नाही. पण आतून संयोगिता बाहेर आली, फणी केसांतच अडकलेली.

"आई, काय सांगतीस लोकांना?"

"खरं ते सांगते. काल तुझा वकील फोनवर ओरडत नव्हता? विनायकी रद्दु, विनायकी रद्दु. मी काय बहिरी हाय?"

संयोगिता आधी हसली, मग कपाळाला हात लावून पायरीवरच बसली. नागराज वकील बोलले होते कानडीत, आणि म्हणाले होते 'विनायिती'. विनायिती म्हणजे सूट. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते आता कुणी मोजत नाही. घरात मराठी, दारात कानडी, आणि जेवताना दोन्ही एकाच ताटात कालवलेल्या. पण ही कचेरीतली कानडी. सासूबाईंचा तिच्याशी कधी संबंध आला नव्हता. जन्मभर चतुर्थ्या केलेल्या कानांना जे ऐकायची सवय, तेच त्यांनी ऐकलं.

"विनायकी न्हवं गं, विनायिती. सूट," संयोगिता म्हणाली. "आणि ती रद्द करा म्हणून मीच कोर्टात गेलीय."

"तू?" सासूबाईंनी कुंपण सोडलं. "विनायकी रद्द करायला तू गेलीस?"

समजावून सांगेपर्यंत उप्पिट्टु गार झालं. तोवर दुसरंच एक होऊन बसलं होतं. सासूबाईंनी पहाटे देवापाशी बोलून टाकलं होतं की खटला तडीला लागेपर्यंत दर विनायकीला पाण्याचा थेंबही घेणार नाही. घोटाळा शब्दाचा होता हे कळल्यावर आता तो उपास सोडा म्हणून आम्ही सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "शब्द चुकला तरी देव काय बदलला न्हाई. तोंडातून गेलं ते गेलं."

संयोगिता ही माझी धाकटी नणंद. मी या घरात आले तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. आता बोम्मसंद्र्याला एका शीतगृहात कामाला आहे. लसी आणि औषधं ठेवतात तिथं. पिवळी मेट्रो सुरू झाल्यापासून राजाजीनगरहून जाणं सोपं झालं, आधी कंपनीच्या बसमध्ये अर्धं आयुष्य जायचं. काम कंत्राटी. भर एप्रिलमध्ये लोक रसवंतीपाशी उभे असतात तेव्हा ही खांद्यावर स्वेटर टाकून घरातून निघते, आणि संध्याकाळी येऊन माझ्या हातातून चहाचा पेला घेते तेव्हा तिची बोटं फ्रीजमधून काढलेल्या भेंडीसारखी लागतात. दाराच्या बाबतीत ती भलती कडक. घरातला फ्रीज उघडून कुणी क्षणभर विचार करत उभं राहिलं तर ती स्वयंपाकघराबाहेरून सांगणार, दार. हे तिला 'दारवाली' म्हणतात. ह्यांचं मोटारीच्या वायंडिंगचं दुकान आहे; पंप जळला की लोक ह्यांच्याकडे आणतात. भावाबहिणीचं एरवी चांगलं जमतं.

तिच्या शीतगृहात राज्य शीतगृह मंडळाचे निरीक्षक तपासणीला यायचे. बाहेरच्या खोलीत बसायचे, कॉफी घ्यायचे, आत किती थंडी आहे ते विचारायचे, आणि न जाताच सही करून निघायचे. एकदा आतल्या एका खोलीचं यंत्र रात्रभर बंद होतं. संयोगितानं ते साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, अम्मा, तुमचा तो प्रश्न नाही. त्या खोलीतल्या लसी तशाच गाडीत चढल्या. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मग काही दिवसांनी कळलं की मंडळाच्या साहाय्यक निरीक्षकांच्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरायच्या आहेत, आणि ती अभ्यासाला लागली. आत जाणारा निरीक्षक व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं. वय उलटत चाललं होतं, स्थळं येईनाशी झाली होती. पण परीक्षेच्या वयोमर्यादेत ती अजून होती.

वाचनालयात अभ्यास करणारी तिची एक मंडळी जमली. त्यात हासनची दिव्यश्री होती, कोरमंगलात पीजीत राहणारी, संयोगितापेक्षा बरीच लहान. रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. कानात मोठाल्या झुमक्या. सासूबाई म्हणायच्या, ही बोलायच्या आधी झुमक्या बोलतात.

परीक्षेची तारीख लागायची तेवढ्यात सरकारचा हुकूम निघाला. शीतगृह मंडळाचं काम खास आणि तातडीचं, म्हणून या मंडळाला परीक्षेच्या नियमातून सूट. मंडळ आपलीच समिती बसवील, मुलाखत घेईल आणि नेमील. मुलाखती कधी झाल्या कुणाला कळलं नाही. नेमलेल्यांची आडनावं मात्र ओळखीची निघाली. वाचनालयातल्या चौघांनी मिळून नागराज वकील गाठले आणि ती सूटच बेकायदा आहे म्हणून हायकोर्टात गेले. विनायितीचा खटला तो हा.

चौघांचे हळूहळू तिघे झाले, मग दोघी. जो नाव मागं घ्यायचा त्याला काही दिवसांत मंडळाची नेमणूक मिळायची, त्याच सुटीखाली. दिव्यश्री शेवटी गेली. जायच्या आधी घरी आली आणि स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसून रडली. वडिलांना पक्षाघात झाला होता, धाकटा भाऊ शिकत होता. संयोगितानं तिला वाढलं, भातावर तूप घातलं, आणि म्हणाली की तुझं घर तुझ्या डोळ्यांसमोर आहे, तू बरोबर करतीस. ती गेल्यावर संयोगितानं ताट घासायला घेतलं. ते ताट बराच वेळ घासत होती.

मग तो सोमवार आला. सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. लग्नाआधीपासूनचं आहे, घरात सगळ्यांना ठाऊक. हे दुकानात अडकले होते म्हणून संयोगिताबरोबर मी कोर्टात गेले. लाल इमारत, काळे डगले, लाकडी बाकं. पुढं काय चाललं ते इंग्रजीत चाललं. मधेच सरकारी वकील उठले, आमच्याकडे न बघता हात आमच्या दिशेनं केला आणि काहीतरी बोलले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून नागराजांकडे पाहिलं. नागराज वळून संयोगिताकडे पाहत राहिले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी सांगितलं, तेही कानडीत, सावकाश, मला कळावं म्हणून. सरकार म्हणतंय, अर्जदार बाईंना शीतगृहाचा अनुभव आहे, त्यांना खास बाब म्हणून मंडळात घेतो. मग अर्जदारच उरत नाही, खटला तिथंच संपतो. न्यायाधीशांनी बुधवारपर्यंत विचारून या म्हटलंय. नागराज माणूस सरळ. म्हणाले, अक्का, मी वकील म्हणून खटला चालवा म्हणेन. पण तुमच्या थोरल्या भावासारखा म्हणून सांगतो, नीट विचार करा. निकाल आपल्या बाजूनं लागलाच तरी परीक्षा व्हायला वेळ जाणार, आणि तोवर तुमचं वय बाहेर गेलेलं असणार.

संयोगितानं एकच विचारलं. "मी गेले तर ती सूट राहील?"

"राहील," नागराज म्हणाले. "मग तिला विचारणारं कुणी नसेल."

येताना मेट्रोत ती खिडकीपाशी उभी राहिली. मला काही बोलता येत नव्हतं ते बरंच झालं.

संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. हे आधी शांतपणे बोलले, मग आवाज चढला. अशा नोकरीसाठी लोक दारोदार फिरतात, आणि हिच्यापुढं ताट वाढून आलंय तर हिला वाढप्याचं नाव हवंय. त्या दिव्यश्रीला तू काय म्हणालीस? बरोबर केलंस म्हणालीस. मग तिला बरोबर ते तुला चूक कसं? आणि उद्या हेही गेलं, तेही गेलं, तर मग म्हातारपणी त्या बर्फात उभी राहणार आहेस का?

"अण्णा, तिच्यामागं घर होतं," संयोगिता म्हणाली. "माझ्यामागं तू आहेस की."

 हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी सांग हिला. एरवी तुझं ऐकते." आणि मग त्यांनाच आठवलं, आणि कपाळाला हात लावला. "आज सोमवारच यायचा होता."

सासूबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. दुसऱ्या दिवशी विनायकी होती. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांची साखर बघून सांगितलं होतं की निर्जळी बिलकुल नको. हे रागाच्या भरात त्यांच्याकडे वळले. "आणि तू उद्या उपास करणार नाहीस. आजारी माणसाला शास्त्रातच सूट हाय."

"हाय की," सासूबाई म्हणाल्या. "मी घेणार. दूध घेणार, साबुदाणा पण खाणार. ती सूट सगळ्या आजाऱ्यांना हाय, त्यात माझं नाव लिहिलेलं न्हाई. एकट्या ह्या अंबुबाईसाठी काढली असती तर मला लाज वाटली असती."

त्या हे काही कुणाला लावून बोलल्या नव्हत्या. त्यांना आपलं साबुदाण्याचं चाललं होतं. पण संयोगितानं मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. हे तिच्याकडे बघत राहिले. मग चप्पल घालून दुकानाकडे निघून गेले.

दिवे लागले. मी देवापाशी समई लावली, तेल पाहिलं, हात जोडले. मौन सुटलं. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते असं नाही, पण संयोगिता दारात उभी होती. मी काही फार विचार करून बोलले नाही. दिवसभर पोटात जे होतं तेच बाहेर आलं.

"उद्या डबा किती वाजता लागेल गं तुला?"

ती आत आली. "नेहमीचाच, वैनी," म्हणाली. "पहिली पाळी आहे."

बुधवारी नागराजांनी कोर्टात सांगितलं की अर्जदाराला खास बाब व्हायचं नाही. न्यायाधीशांनी म्हणे दोनदा विचारलं, अर्जदारांना परिणाम समजले आहेत का. नागराज म्हणाले, आमच्याहून जास्त.

निकाल लागायला वर्ष उलटलं. त्या वर्षात सासूबाईंनी दर विनायकी केली, दुधावर. सूट रद्द झाली. मुलाखतीनं केलेल्या नेमणुकाही रद्द झाल्या, आणि त्या जागा परीक्षेतूनच भरा असा हुकूम झाला. पेपरात बातमी आली ती एका कोपऱ्यात. तीत मंडळाचं नाव होतं, कायद्याची कलमं होती. अर्जदाराचं नाव नव्हतं, 'एका महिला उमेदवाराच्या अर्जावरून' एवढंच. त्या दिवशी मी ह्यांचा डबा घेऊन दुकानात गेले, तर हे एका गिऱ्हाइकाची मोटार उघडून बसले होते आणि त्याला सांगत होते, "ती महिला उमेदवार म्हणजे आमची तंगी, धाकटी बहीण. एकटी उरली होती. सरकार नोकरी घे म्हणत होतं, घेतली न्हाई." गिऱ्हाईक म्हणालं, सरी सरी, बरं झालं, माझी मोटार कधी मिळणार. हे म्हणाले, स्वल्प थांबा, आधी ऐका.

मला पाहिल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि तार गुंडाळायला लागले. मी डबा ठेवला आणि आले. वाटेत देवळापाशी चप्पल काढून उभी राहिले, पण देवाला मागायचं काही आठवेना.

त्याच संध्याकाळी दिव्यश्रीचा फोन आला. नेमणूक रद्द झालेल्यांत ती होती. ती काय बोलली ते मला पलीकडून तुटक ऐकू येत होतं. शेवटी म्हणाली, तुमचं काय जाणार होतं अक्का, तुमच्याकडे घालवायला होतंच काय. संयोगितानं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवसाचा स्वेटर घडी करून पिशवीत भरला. तिचं वय त्या पावसाळ्यात मर्यादेबाहेर गेलं होतं. नागराज म्हणाले होते, तुमच्यापुरता वयाच्या सुटीचा वेगळा अर्ज करून पाहू. न्यायाधीश नाही म्हणणार नाहीत. ती म्हणाली, "सर, साकु." पुरे. आणि त्यांच्यासाठी मी दिलेला रव्याच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवून आली.

परीक्षा एका रविवारी होती. सासूबाईंचं देवाशी ठरलं होतं की जिच्यापायी खटला झाला ती परीक्षा होईल त्या दिवशी नारळ वाढवायचा. आमच्या गणपतीच्या देवळासमोर शाळा आहे, आणि केंद्र नेमकं तिथंच आलं होतं. आम्ही तिघी सकाळीच गेलो. रस्ता मुलामुलींनी भरलेला. पारदर्शक पिशव्यांत पेनं आणि पाण्याच्या बाटल्या, कुणाचे वडील बरोबर, कुणाचं तान्हं पोर कडेवर घेऊन आलेली तिची आई. फाटकापाशी पोलीस एकेकाला तपासून आत सोडत होता. बूट नको, घड्याळ नको, पूर्ण बाहीचा सदरा नको, कानात-गळ्यात काही नको. ज्यांच्याबरोबर माणसं होती ती काढून त्यांच्याकडे देत होती. ज्या मुली एकट्या आल्या होत्या त्या इकडेतिकडे बघत उभ्या.

त्यातल्या एकीनं संयोगिताला विचारलं, अक्का, तुम्ही इथंच आहात ना थोडा वेळ? आणि उत्तराची वाट न बघता कानातले खडे काढून तिच्या हातात ठेवले. तिला बघून दुसरी आली, मग आणखी एक. संयोगितानं प्रत्येकीला नाव विचारलं, ओढणीच्या पदराला एकेकीची वेगळी गाठ मारली, आणि गाठीवर बोट ठेवून तिचं नाव पुटपुटली.

फाटकाशी कुणाचे तरी वडील पोलिसाशी हुज्जत घालत होते. मोठे अधिकारी दिसत होते. मुलीच्या कानातले हिऱ्याचे आहेत, ते काढायचे नाहीत, मी वर बोलतो, फोन लावतो. पोलिसानं त्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "यारिगू विनायिती इल्ला!"

कुणालाही सूट नाही.

सासूबाईंनी नारळ काखेत धरून भुवया वर केल्या. "काय म्हणतोय तो? आज कुठली विनायकी? आज दशमी हाय."

संयोगिता हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "विनायकी न्हाई म्हणतोय, आई. कुणालाच न्हाई."

"मग बरोबर सांगतोय," सासूबाई म्हणाल्या.

हिऱ्यांच्या मुलीनं स्वतःच कानातलं काढून वडिलांच्या हातात दिलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तेवढ्यात रांगेतून मागं वळून कुणीतरी आमच्याकडे येताना दिसलं. दिव्यश्री होती. वाळली होती, पण झुमक्या त्याच. ती संयोगितासमोर आली. दोन्ही हात वर करून एकेक झुमकी काढली. संयोगितानं तळहात पुढं केला.

"इट्कोळ्ळि, अक्का," ती म्हणाली. ठेवा. आणि वळून जायला लागली.

"बाकीचं तुला येत होतं, पेपराचा तिसरा भाग तुझा कच्चा होता," संयोगिता मागून म्हणाली. "तो शेवटी घे."

दिव्यश्री थांबली, मान हलवली, आणि आत गेली. शाळेची घंटा झाली. पोलिसानं फाटक ओढायला घेतलं. संयोगिता फाटकासमोर अशी उभी होती की त्याला वाटलं ही राहिलीच आहे. त्यानं फाटक तसंच धरून तिला हातानं खुणावलं, लवकर या.

ती जागची हलली नाही. हातानंच त्याला सांगितलं, लावा दार.

आम्ही दोघींनी देवळात जाऊन नारळ वाढवला. सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा तिच्यासाठी घेतला. बाहेर आलो तर ती शाळेसमोरच्या कट्ट्यावर, बदामाच्या झाडाच्या सावलीत बसली होती. ऊन वर आलं होतं, घरी स्वयंपाक व्हायचा होता. मी म्हटलं, चल, घरी जाऊन परत येऊ.

"तुम्ही व्हा पुढं, वैनी," ती म्हणाली. "पेपर सुटल्यावर येते."

कोपऱ्यावरून मी एकदा मागं पाहिलं. सगळी माणसं पांगली होती. ती ओढणीचा जड झालेला पदर मांडीवर घेऊन बसली होती, ताठ, आणि एकेका गाठीवर बोट ठेवून नावं परत म्हणून बघत होती. झुमक्या तिनं गाठीत बांधल्या नव्हत्या. त्या मुठीतच होत्या.